बरे वाटत असतानाही पंप का घ्यायचा?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: माझे यजमान ४४ वर्षांचे असून लातूरच्या बाजार समितीत एका आडत दुकानावर मुनीम आहेत. सहा वर्षांपासून त्यांना दमा आहे. डॉक्टरांनी त्यांना एक निळा पंप दिला आहे आणि यंत्रात घालून सकाळ-संध्याकाळ ओढायच्या कॅप्सूल दिल्या आहेत. कॅप्सूल ते महिना-दीड महिना घेतात आणि बरे वाटले की बंद करतात, कारण त्यांत स्टिरॉइड असते असे त्यांनी ऐकले आहे. शिवाय त्या महागही पडतात. निळा पंप मात्र सतत खिशात असतो आणि महिन्याला एक संपतो. गेल्या वर्षभरात तीन वेळा त्यांना रात्री दवाखान्यात न्यावे लागले; तिथे वाफ दिली आणि पाच-पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. आता आमच्या नऊ वर्षांच्या मुलालाही पंप लिहून दिला आहे. त्याला फक्त गोळी चालणार नाही का? सासूबाई म्हणतात, एकदा पंप लागला की तो जन्माचा लागला; त्यापेक्षा मृगाला दोघांनाही हैदराबादला नेऊन माशाचे औषध द्यावे. मी कोणाचे ऐकू?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरी सगळ्यांना भीती वाटते ती स्टिरॉइडच्या कॅप्सूलची. मला मात्र पत्र वाचून काळजी वाटली ती महिन्याला संपणाऱ्या निळ्या पंपाची. त्या पंपात साधारण दोनशे फवारे असतात. महिन्याला एक पंप म्हणजे दिवसाला सहा-सात फवारे आणि वर्षाला बारा पंप. दम्याच्या उपचारांबाबत जगभर मार्गदर्शन करणाऱ्या ‘जिना’ या संस्थेने या बाबतीत स्पष्ट इशारा दिलेला आहे: वर्षाला असे तीन किंवा अधिक पंप लागत असतील तर दम्याचा मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो, आणि बारा किंवा अधिक लागत असतील तर मृत्यूचा धोकाही वाढलेला असतो. तुमचे यजमान या दुसऱ्या गटात मोडतात. हे मी तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही, तर हा दमा ‘थोडाफार’ नाही आणि सध्याच्या पद्धतीने तो आटोक्यातही नाही, हे घरातल्या सगळ्यांना कळावे म्हणून लिहीत आहे.

दम्यात नेमके काय होते ते समजले की दोन औषधे का दिली आहेत याचा उलगडा होतो. फुप्फुसांत हवा नेणाऱ्या श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला कायमची सूज असते. ही सूज कमी-जास्त होते, पण रुग्णाला काहीही त्रास होत नसतानाही ती थोडीफार असतेच. सुजलेल्या नलिका नको इतक्या हळव्या होतात, त्यामुळे धूळ, धूर, सर्दी, थंड हवा अशा कारणाने त्यांच्याभोवतीचे स्नायू आकसतात, आत चिकट कफ साठतो, वाट अरुंद होते आणि मग धाप, खोकल्याची उबळ आणि छातीतली घरघर सुरू होते. निळ्या पंपातील सालब्युटामॉल हे औषध आकसलेल्या स्नायूंना सैल करते. त्याचा गुण पाच मिनिटांच्या आत जाणवतो आणि चार ते सहा तास टिकतो, म्हणूनच रुग्णाचा त्यावर इतका जीव असतो. पण सुजेवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. ओल झिरपत असलेल्या भिंतीला दर महिन्याला चुना फासत राहावे, तसा हा प्रकार आहे. शिवाय हे औषध एकट्याने रोज घेत राहिले तर स्नायूंवरील ज्या ठिकाणी ते काम करते ती ठिकाणे हळूहळू त्याला कमी प्रतिसाद देऊ लागतात आणि नलिकांचा हळवेपणा उलट वाढतो.

या गोष्टीची किंमत काही देशांनी मोजलेली आहे. न्यूझीलंडमध्ये १९७६ नंतर फेनोटेरॉल नावाच्या, याच जातीच्या पण अधिक तीव्र औषधाचा पंप लोकप्रिय झाला आणि दम्याने होणारे मृत्यू वाढले. त्या पंपावर १९८९ मध्ये निर्बंध आल्यावर ते झपाट्याने कमी झाले. तरीही ‘त्रास झाला की निळा पंप’ ही पद्धत जगभर पुढे अनेक वर्षे चालू राहिली, आणि २०१९ मध्ये जिनाने प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना केवळ या पंपावर ठेवू नये, प्रत्येकाला सूज कमी करणारे औषध मिळालेच पाहिजे, अशी शिफारस केली. आपल्याकडे हा बदल अजून सगळ्या रुग्णांपर्यंत पोहोचलेला नाही. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या अभ्यासाच्या अंदाजानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात असले, तरी दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ४२ टक्के भारतात होतात. या दोन आकड्यांमधील तफावतीमागे अनेक कारणे असतील, पण सूज कमी करणारे ओढायचे औषध न मिळणे किंवा मिळूनही न घेणे हे त्यांतले एक मोठे कारण आहे, असे माझे ठाम मत आहे.

आता स्टिरॉइडविषयी. तुमच्या यजमानांच्या कॅप्सूलमध्ये बहुधा ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल ही दोन औषधे असावीत. त्यांतले पहिले स्टिरॉइड आहे आणि दुसरे नलिका मोकळ्या ठेवणारे, सुमारे बारा तास टिकणारे औषध आहे. मुनीमजी मापाचा हिशेब रोजच करतात, तेव्हा हाही हिशेब त्यांनीच करून पाहावा. २०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइडची एक कॅप्सूल सकाळी आणि एक संध्याकाळी घेतली तर दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम होतात. दम्याच्या झटक्यानंतर दवाखान्यातून पाच दिवसांच्या ज्या गोळ्या मिळतात, त्या साधारणपणे प्रेडनिसोलोनच्या असतात आणि प्रौढांना त्या दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या घरात देतात, म्हणजे पाच दिवसांत २०० मिलिग्रॅम, अर्थात दोन लाख मायक्रोग्रॅम. कॅप्सूलमधून एवढे वजन अंगात जायला पाचशे दिवस लागतील. हा केवळ वजनाचा हिशेब आहे, दोन्ही औषधांची ताकद सारखी नसते हे खरे. पण गोळी रक्तातून सर्व शरीरभर जाते आणि ओढलेले औषध मुख्यतः श्वासनलिकांवरच काम करते, हा फरक त्याहून मोठा आहे. म्हणजे ज्या स्टिरॉइडच्या भीतीने त्यांनी कॅप्सूल सोडल्या, तेच स्टिरॉइड वर्षात तीन वेळा कितीतरी मोठ्या मात्रेत गोळ्यांवाटे त्यांच्या अंगात गेले. झटका आल्यावर त्या गोळ्या घ्यायलाच हव्यात, त्या जीव वाचवतात. मात्र आयुष्यभरात अशी चार-पाच आवर्तने झाली तरी पुढे हाडे ठिसूळ होणे, मधुमेह, मोतीबिंदू यांचा धोका वाढू लागतो. कॅप्सूल नियमित घेण्याचा एक मोठा हेतू या गोळ्यांची वेळ येऊ नये हाच असतो.

ओढायच्या स्टिरॉइडचे दुष्परिणाम अजिबात नसतात असे मी म्हणणार नाही. आवाज घोगरा होतो, तोंडात पांढरे चट्टे येतात, घसा खवखवतो. प्रत्येक वेळी औषध घेतल्यावर खळखळून चूळ भरून ते पाणी थुंकून टाकले की हा त्रास बहुतेकांना टळतो. दात घासण्यापूर्वी औषध घेण्याची सवय लावली तर चूळ वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही. जास्त मात्रा वर्षानुवर्षे घेणाऱ्यांच्या बाबतीत डॉक्टर डोळे आणि हाडे यांच्याकडेही लक्ष ठेवतात. परंतु दम्यात या औषधाचा बहुतेक लाभ कमी मात्रेतच मिळतो, त्यामुळे अनेक रुग्णांना मोठ्या मात्रेची गरजच पडत नाही.

सासूबाईंचा मुद्दा सवयीचा आहे. व्यसनाच्या पदार्थाची मात्रा शरीर वाढवून मागते. ब्युडेसोनाइडच्या बाबतीत तसे घडत नाही, उलट दमा आटोक्यात आल्यावर डॉक्टर त्याची मात्रा कमी करत नेतात. औषध थांबवल्यावर त्रास परत येतो, तो औषधाची सवय लागली म्हणून येत नाही, सूज परत वाढते म्हणून येतो. तुमच्या यजमानांचे चक्र पाहा: ते कॅप्सूल सुरू करतात, आठ-पंधरा दिवसांत बरे वाटू लागते, महिना-दीड महिन्याने ते थांबतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा जिथल्या तिथे येतात. नलिकांचा हळवेपणा उतरायला काही महिने लागतात आणि ते नेमके त्याआधीच सोडून देतात. साधारण तीन महिने पूर्ण आटोक्यात राहिल्यावर मात्रा कमी करता येईल का हे डॉक्टर पाहतात. तो निर्णय तपासून घ्यायचा असतो, आपल्या मनाने घ्यायचा नसतो.

आटोक्यात असणे म्हणजे काय, हे रुग्णाला विचारले तर तो ‘बरा आहे’ म्हणतो, कारण त्याला धापेची सवय झालेली असते. म्हणून तुम्हीच मागच्या चार आठवड्यांचे मनात आणा. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस दिवसा त्रास झाला का, रात्री किंवा पहाटे दम्याने जाग आली का, आराम मिळवण्यासाठी आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा पंप लागला का, आणि जिने चढणे किंवा दुकानावरचे काम यांत अडचण आली का? चारही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेल तर दमा आटोक्यात आहे. एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर नाही.

मात्र औषध वाढवण्यापूर्वी ते नीट आत जाते का, हे पाहावे लागते. माझ्या अनुभवात ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचे औषध छातीपर्यंत पोहोचतच नसते, आणि दोन वेगवेगळी उपकरणे हातात असली की घोटाळा हमखास होतो, कारण दोन्हींची ओढण्याची रीत परस्परविरुद्ध आहे. कॅप्सूलच्या यंत्रात, म्हणजे रोटाहेलरमध्ये, कॅप्सूल घालून यंत्र फिरवले की ती फुटते आणि पूड मोकळी होते. ही पूड जोरात, एका दमात, खोलवर ओढावी लागते. आधी श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, पण यंत्रात सोडायचा नाही, नाहीतर दमट हवेने पूड चिकटते. ओढून झाल्यावर दहा सेकंद श्वास रोखायचा, मग यंत्रात पूड उरली आहे का ते पाहायचे आणि उरली असेल तर पुन्हा ओढायचे. (ही कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्णही भेटतात, चूक त्यांची नाही, कॅप्सूल म्हटली की ती गिळायची हेच आजवर त्यांना ठाऊक असते.) निळ्या पंपाचे अगदी उलट आहे. तो हलवून, श्वास बाहेर सोडून, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून, हळूहळू श्वास आत घ्यायला सुरुवात करतानाच दाबायचा आणि ओढणे संथपणे चालू ठेवायचे. फवारा मारताना तोंडातून किंवा नाकातून पांढरा धूर बाहेर येताना दिसला, तर औषध हवेत गेले असे समजावे. दुसरा फवारा लागलाच तर अर्धा-एक मिनिट थांबून घ्यावा. ज्यांना दाबणे आणि ओढणे यांचा मेळ जमत नाही त्यांनी स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी वापरावी. तिच्यात फवारा क्षणभर थांबतो आणि मग सावकाश ओढता येतो. स्पेसर वापरण्यात कमीपणा नाही, मोठ्या माणसांनाही नाही.

तुमच्या डॉक्टरांना आणखी एक गोष्ट अवश्य विचारा. फॉर्मोटेरॉल दीर्घकाळ टिकणारे असूनही काही मिनिटांतच काम सुरू करते, त्यामुळे ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल हे एकच औषध सकाळ-संध्याकाळ नेमाने आणि शिवाय त्रास होईल तेव्हा, असे दोन्ही प्रकारे देता येते. आराम मिळवण्यासाठी घेतलेल्या प्रत्येक मात्रेबरोबर थोडे सूज कमी करणारे औषधही आपोआप जाते आणि मोठे झटके कमी होतात, हे अनेक चाचण्यांत दिसून आले आहे. जो माणूस नेमाचे औषध विसरतो पण खिशातला पंप विसरत नाही, त्याच्यासाठी ही पद्धत मला विशेष सोयीची वाटते. दिवसाची कमाल मर्यादा डॉक्टर ठरवून देतील ती पाळायची, आणि ही सोय सालमेटेरॉल असलेल्या औषधांना लागू नाही, कारण ते सावकाश काम करते. तेव्हा वेष्टनावरचे नाव तपासल्याशिवाय हा प्रयोग घरी करू नये.

यजमान विडी ओढत असतील तर तेही डॉक्टरांपासून लपवू नका. धुराने ओढायच्या स्टिरॉइडचा गुण कमी होतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, काचबिंदूचे काही थेंब आणि काही जणांच्या बाबतीत ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या दमा भडकवतात, म्हणून कोणतेही नवे औषध घेताना दमा असल्याचे आधी सांगावे. तूर आणि सोयाबीनची आवक जोरात असताना त्रास वाढतो आणि बाजार बंद असलेल्या दिवसांत कमी होतो असे काही दिसते का, याची नोंद ठेवा. तसे असेल तर मालाच्या उघड्या राशीपासून दूर, आतल्या बाजूला बसून हिशेब लिहिण्याची व्यवस्था आणि चांगला मास्क यांचा उपयोग होईल. मास्क औषधाची जागा मात्र घेणार नाही.

मुलाविषयी तुम्ही विचारले आहे की त्याला नुसती गोळी चालणार नाही का. आपल्याकडे मुलांना माँटेलुकास्टची गोळी सहज लिहून दिली जाते आणि पालकांनाही ती पंपापेक्षा सौम्य वाटते. प्रत्यक्षात ती सूज कमी करण्यात ओढायच्या स्टिरॉइडपेक्षा कमी पडते, आणि काही मुलांमध्ये तिच्यामुळे भयंकर स्वप्ने, चिडचिड, उदासी असे परिणाम दिसल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये तिच्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. काही मुलांना ती उपयोगी पडते, पण ‘पंप नको म्हणून गोळी’ हे कारण पुरेसे नाही. ओढायच्या स्टिरॉइडने उंचीवर परिणाम होतो हे खरे आहे, तो किती होतो हेही ऐका: दीर्घकाळ केलेल्या अभ्यासात प्रौढपणीच्या उंचीत सरासरी एक सेंटिमीटरच्या आसपास फरक आढळला. वारंवार उबळीने रात्र-रात्र जागणारे, खेळ सोडून बसणारे आणि पुन्हा पुन्हा स्टिरॉइडच्या गोळ्या खावे लागणारे मूलही खुंटतेच. मुलाला स्पेसरमधूनच पंप द्या, शक्यतो स्वतः समोर बसून द्या, दर सहा महिन्यांनी त्याची उंची मोजून लिहून ठेवा आणि वडिलांची कॅप्सूल त्याला कधीही देऊ नका. त्याची मात्रा वेगळी आहे. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून काढावा आणि न पुसता वाळवावा, कारण फडक्याने घासल्यावर प्लास्टिकवर विद्युतभार निर्माण होऊन औषध भिंतींना चिकटून बसते.

हैदराबादच्या औषधाबद्दल माझे मत सरळ आहे. मृग नक्षत्राच्या सुमारास तिथे जिवंत मरळ माशाच्या तोंडात औषधी लगदा भरून तो रुग्णाला गिळायला देतात, त्याचे पैसे घेत नाहीत आणि देणाऱ्यांचा हेतू सेवेचा आहे, हे मला मान्य आहे. आपल्याकडे कोजागरीच्या रात्री खिरीतून दिल्या जाणाऱ्या औषधांविषयीही मी हेच म्हणेन. परंतु यांतील कशानेही दमा बरा होतो, याचा शास्त्रशुद्ध चाचण्यांतून मिळालेला पुरावा नाही. सासूबाईंचे मन मोडायचे नसेल आणि तुम्ही गेलातच, तर दोघांचीही औषधे त्या दिवशी आणि त्यानंतरही चालू राहतील एवढे पाहा, आणि गर्दीत व प्रवासात पंप सामानात न ठेवता हाताशी ठेवा. खरी भीती मला निनावी पुड्यांची वाटते. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. त्यांनी दोन दिवसांत जादू झाल्यासारखे वाटते आणि अंगाला सूज, वाढलेली साखर हे भोग नंतर समोर येतात. अशी पुडी कोणी आधीपासून घेत असेल तर ती एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवावी.

रात्री झटका आला तर काय करायचे, हे डॉक्टरांकडून दोघांसाठी वेगवेगळे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद स्वयंपाकघराच्या कपाटाला आतून चिकटवा. तोवर एवढे लक्षात ठेवा: रुग्णाला बसते करा, निळा पंप स्पेसरमधून एकेक फवारा करून द्या, प्रत्येक फवाऱ्यानंतर चार-पाच श्वास घेऊ द्या, आणि असे चार ते दहा फवारे देता येतात. आराम पडला नाही, किंवा पडून थोड्याच वेळात पुन्हा धाप लागली, तर उजाडण्याची वाट पाहू नका. एक वाक्यही पूर्ण बोलता न येणे, ओठ निळसर पडणे, गुंगी येणे, ऑक्सिजनचा आकडा ९२ च्या खाली जाणे यांपैकी काहीही दिसले तर लगेच १०८ क्रमांकावर फोन करा आणि गाडी येईपर्यंत फवारे देत राहा. छातीतली घरघर थांबली पण माणूस अधिकच गळून गेला, तर तो बरा होत नसून हवा आत-बाहेर जाणेच कमी झालेले असते.

खर्चाचा प्रश्न खरा आहे आणि तो डॉक्टरांसमोर मांडायला संकोच करू नका. सालब्युटामॉल, ब्युडेसोनाइड आणि ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल ही ओढायची औषधे २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत असल्यामुळे त्यांच्या किमतीवर मर्यादा आहे. त्याच औषधाचा स्वस्त ब्रँड चालेल का, सरकारी रुग्णालयातून मिळेल का, हे विचारा. वर्षाचे बारा निळे पंप, तीन रात्रींचा दवाखाना आणि बुडालेले रोज यांची बेरीज कॅप्सूलच्या खर्चाशेजारी मांडून पाहिली तर मुनीमजींना वेगळे काही सांगावे लागणार नाही. पुढच्या भेटीच्या वेळी दोघांचेही पंप, रोटाहेलर आणि स्पेसर पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांसमोर औषध घेऊन दाखवायला सांगा. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, यजमानांची पूर्वी झाली नसेल तर ती करून घ्या. ४४ व्या वर्षी, विशेषतः विडीची सवय असेल तर, हा निव्वळ दमाच आहे की त्यासोबत आणखी काही आहे, हे त्या तपासणीशिवाय नीट ठरवता येत नाही.